इंधनाची काटकसर : गावचे स्वयंसेवक आणि शाळा

(फलटण तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावाच्या संसारात काही खर्च असे असतात की ते कोणत्याही वहीत लिहिले जात नाहीत. शेतकरी बियाण्याचा, खताचा व मजुरीचा हिशेब ठेवतो. दुकानदार उधारीची नोंद करतो. परंतु चुलीत रोज किती जळण गेले, ते गोळा करण्यात घरच्या बाईचे किती तास गेले आणि त्या धुराने किती डोळे चुरचुरले, याची नोंद कोठेही होत नाही. जे मोजले जात नाही ते फुकट आहे असे वाटू लागते, आणि जे फुकट वाटते ते वाचवावे असे कोणाच्याही मनात येत नाही. आजच्या विषयाचे मूळ येथे आहे.

शाळेशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. सकाळच्या हजेरीकडे बारकाईने पाहिले म्हणजे तो संबंध दिसू लागतो. सुगी संपून रानात पऱ्हाट्या व तुराट्या मोकळ्या झाल्या की काही मुली उशिरा येतात, काही दोन दिवस येतच नाहीत. लहान भावंडाला सांभाळीत चुलीपाशी बसलेले मूल सर्दीखोकल्याने वारंवार आजारी पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील धुरामुळे जगात २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत अगदी लहान मुलांची संख्याही मोठी होती. हा प्रश्न जितका स्वयंपाकघराचा आहे, तितकाच शाळेचाही आहे.

फलटण तालुका या अभ्यासाला फार सोयीचा आहे. तालुक्याच्या एका भागाला नीरा उजव्या कालव्याचे पाणी मिळते आणि तेथे ऊस उभा असतो. दुसरा भाग अवर्षणाचा. तेथे वेडी बाभूळ, शेणी आणि पिकांची धाटे हेच गरिबांचे जळण. एकीकडे ऊस तुटला की शेतात पाचटाचे ढीग पडतात व पुष्कळ ठिकाणी त्यांना काडी लावली जाते. दुसरीकडे एका भाऱ्यासाठी डोक्यावर ओझे घेऊन कोसभर चालावे लागते. एका हेक्टर उसात साधारणपणे ८ ते १० टन पाचट निघते, हे लक्षात घेतले म्हणजे एकाच तालुक्यात उधळपट्टी आणि टंचाई शेजारी शेजारी कशी नांदतात, ते कळते.

ह्या विसंगतीकडे फलटणमध्येच काही विचारवंतांचे लक्ष गेले, ही तालुक्याला अभिमानाची गोष्ट आहे. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. १९८१ साली डॉ. अनिल राजवंशी हे अमेरिकेतील शिक्षण व अध्यापन सोडून फलटणला आले आणि त्यांनी खेड्यातील दिवा, चूल व वाहन यांच्यावर संशोधन सुरू केले. त्या काळी असंख्य घरांत मुले चिमणीच्या किंवा कंदिलाच्या उजेडात अभ्यास करीत. वातीचा दिवा रॉकेल पुष्कळ जाळतो आणि उजेड मात्र फार थोडा देतो. संस्थेने 'नूरी' नावाचा सुधारलेला कंदील तयार केला. त्याचा उजेड शंभर वॅटच्या जुन्या विजेच्या दिव्याच्या जवळपास जात असे. पुढे दिव्याची वाया जाणारी उष्णता स्वयंपाकाला लावण्याचा प्रयोग झाला. गोड ज्वारीपासून मद्यार्क काढून, निम्मे पाणी असलेल्या त्या मद्यार्कावर चालणारी शेगडीही तेथे तयार झाली. १९९५ साली डॉ. राजवंशींनी असा विचार मांडला की, तालुका हाच ऊर्जेच्या बाबतीत स्वयंपूर्ण होणारा घटक मानावा. शेतीतून उरणाऱ्या काडीकचऱ्यावर तालुक्याची ऊर्जेची गरज भागू शकते, हे त्यांनी फलटण तालुक्याचाच हिशेब मांडून दाखविले.

दुसरे नाव डॉ. आनंद कर्वे यांचे. वनस्पतिशास्त्राचा हा अभ्यासक काही वर्षे फलटणला निंबकर संस्थेत काम करीत होता. पुढे १९९६ साली पुण्यात 'आरती' ह्या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी संस्था निघाली. ग्रामीण भागाला परवडेल व जमेल असे तंत्र शोधणे हे तिचे काम. फलटण येथेही तिचे केंद्र झाले. ह्या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची रीत बसविली. पाचट बंद पिंपांत भरून, हवा न लागू देता तापवायचे. त्यातून निघणारा वायू भट्टीतच जाळायचा. उरलेल्या भुकटीत चिकट पदार्थ मिसळून कांड्या करायच्या. ह्या कामासाठी संस्थेला २००२ साली लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. ह्याच कांड्यांवर चालणारा 'सराई' नावाचा कुकर संस्थेने तयार केला. केवळ १०० ग्रॅम कोळशावर चार-पाच माणसांचा वरणभात व भाजी त्यात शिजते. कारण उष्णता बाहेर जाऊ न देता डबे वाफेत एकावर एक ठेवलेले असतात.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पाचट जाळणे वाईट, म्हणून सगळेच पाचट उचलून न्यावे असे नव्हे. खोडव्यात पाचट सरीत ठेवले तर जमिनीचा ओलावा टिकतो व कुजून तिला खाद्य मिळते. पहिला हक्क जमिनीचा. जे शेतकरी तरीही जाळणारच होते, त्यांचे पाचट कोळशाला योग्य होय. गावाला कोणताही उपाय सांगताना त्याची मर्यादा त्याच्याबरोबरच सांगावी. त्याने स्वयंसेवकाचा शब्द अधिक वजनदार होतो.

आता अधिक कठीण गोष्टीकडे वळावयाचे आहे. चांगली चूल तयार करणे आणि ती घरात टिकणे, ह्या दोन गोष्टी एक नाहीत.

बिनधुराच्या चुलीची कल्पना नवी नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत 'मगन चूल' तयार केली आणि अखाद्य तेलावर जळणारा 'मगनदीप' सिद्ध केला. १९५३ साली हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ साली तो बंद होईपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसविल्याची नोंद झाली. महाराष्ट्रात 'लक्ष्मी', 'भाग्यलक्ष्मी', 'पार्वती' अशा नावांच्या चुली घरोघर पोचल्या. तीन दगडांच्या उघड्या चुलीत जळणाच्या उष्णतेपैकी सुमारे दहावा हिस्साच भांड्याला मिळतो. सुधारित चुलीने निदान पाचवा हिस्सा द्यावा अशी अट होती. म्हणजे निम्म्या जळणात तोच स्वयंपाक.

मग ह्यांतील बहुसंख्य चुली गेल्या कोठे? अनेक घरांत त्या वर्षा-दोन वर्षांत फुटल्या, काहींवर भांडी ठेवली गेली, काही पाडून जुनी चूल पुन्हा घातली गेली. त्याची कारणे साधी होती. धुराडे काजळीने भरले, पण ते कसे साफ करावे हे कोणी दाखविले नव्हते. दुसऱ्या तोंडावर भांडे नसले की ते झाकायचे असते, नाहीतर उष्णता तेथून निघून जाते. ही गोष्ट सांगायची राहून गेली. कोठे चुलीचे तोंड घरच्या तव्याला लहान पडले, तर कोठे भाकरी आराला लावून फुगवायला जागाच उरली नाही. धुराने घरातले डास जातात, वासे किडत नाहीत, हा बायकांचा अनुभव कोणी ऐकून घेतला नाही. चुलींची संख्या मोजली गेली, जळण मोजले गेले नाही. जेथे गावातल्याच कुंभाराला किंवा गवंडीकाम शिकलेल्या स्त्रीला चूल घालण्याचा साचा व धंदा मिळाला, तेथे मोडलेली चूल दुरुस्त करणारे माणूस गावातच राहिले आणि चुली अधिक काळ टिकल्या.

सातारा जिल्ह्याला हा धडा अनोळखी नाही. १९५९ साली ह्याच जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती महाराष्ट्रभर गेली. गावातील निरक्षर प्रौढांना गावातल्याच शिक्षकांनी व शिकलेल्या तरुणांनी विनावेतन शिकवायचे, आणि सारे गाव साक्षर झाले म्हणजे ग्रामगौरव समारंभ करायचा, अशी ती योजना होती. कंदिलाच्या उजेडात म्हाताऱ्या माणसांनी पाटीवर आपले नाव गिरविले. मोहिमेचे यश खरे होते, कारण ती गावाने आपली मानली. परंतु समारंभानंतर ज्या गावी वाचनाची सवय ठेवणारे कोणी उरले नाही, तेथे पुष्कळजण शिकलेले पुन्हा विसरले. अक्षरे विसरली जातात, तशीच चूलही विसरली जाते. समारंभाच्या दुसऱ्या दिवसापासून जे काम सुरू होते तेच खरे काम होय.

म्हणून ऊर्जाबचतीचे काम करू इच्छिणाऱ्या गावच्या स्वयंसेवकाने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात : आधी मोजावे, मग करून दाखवावे, आणि पुन्हा जावे. ह्यांपैकी तिसरी सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाची.

मोजणे म्हणजे काय? स्वयंसेवकाने आपणहून बोलावणाऱ्या चार-पाच घरांपासूनच सुरुवात करावी. सकाळी घरातले जळण तोलून ठेवावे, संध्याकाळी उरलेले तोलावे. असे सलग सात दिवस करावे. सणाचा किंवा पाहुण्यांचा दिवस निराळा लिहावा. मग एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा सात दिवस तोलावे. दोन आकडे शेजारी शेजारी मांडले की भाषणाची आवश्यकता उरत नाही. ज्या बाईने स्वतः काटा धरला तिला फरक पटवून द्यावा लागत नाही, तीच शेजारणीला पटवून देते.

करण्यासारखे बदल लहान आहेत. जळण आदल्या दिवशी उन्हात वाळवावे व बारीक फोडावे. ओले लाकूड चुलीत घातले की आधी लाकडातले पाणी उकळण्यातच उष्णता जाते. डाळ व कडधान्ये भिजवून ठेवावीत. भांड्यावर झाकण ठेवावे. झाकणाचे महत्त्व शाळेतील विज्ञानाच्या तासाला सहज पटवून देता येते. एक ग्रॅम पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापविण्यास ८० कॅलरी लागतात, पण तेच एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडून जाताना सुमारे ५४० कॅलरी घेऊन जाते. पाणी उकळू लागल्यावर कितीही जाळ केला तरी ते १०० अंशांच्या वर जात नाही, केवळ वाफ वाढते. उकळी आल्यावर जाळ कमी करणारी गृहिणी पदार्थविज्ञानाचा नियमच पाळीत असते. तिला ते कौतुकाने सांगावे.

२०१६ सालच्या उज्ज्वला योजनेनंतर गॅसची टाकी पुष्कळ घरांत आली, ही मोठी सोय झाली. परंतु टाकी आली म्हणून चूल गेली असे समजू नये. आंघोळीचे पाणी, जनावरांचे आंबवण, भाकरी ह्यांसाठी चूल किंवा बंब पेटतोच, आणि दुसरी टाकी भरण्याचे पैसे हाताशी नसले म्हणजे सारा स्वयंपाक पुन्हा चुलीवर येतो. अशा घरी 'गॅस असून चूल का?' असा प्रश्न विचारणे म्हणजे गरिबीला गुन्हा ठरविणे होय. त्यापेक्षा बंबासाठी काय करता येईल ते पाहावे. फलटणला उन्हाची वाण नाही. काळ्या रंगाच्या झाकणबंद पिंपातील पाणी दिवसभर उन्हात ठेवले तर संध्याकाळच्या आंघोळीपुरते कोमट होते. सांडलेल्या अन्नावर व पिठूळ कचऱ्यावर चालणारे लहान गोबरगॅससारखे संयंत्र 'आरती' संस्थेने तयार केले. त्याला २००६ साली पुन्हा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. शेण हे जनावराने एकदा पचविलेले अन्न आहे. न पचलेल्या पिष्टमय पदार्थांतून त्याच वजनाला कितीतरी अधिक वायू मिळतो, हे त्यामागील साधे तत्त्व.

विजेच्या बाबतीत शाळेला फार सुंदर साधन उपलब्ध आहे, ते म्हणजे मीटर. नव्या मीटरवर एक तांबडा ठिपका लुकलुकतो आणि एका युनिटला किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरवर छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. घरातले सर्व बंद करून ७५ वॅटचा जुना पंखा एकटाच लावला, तर पाच मिनिटांत ठिपका २० वेळा लुकलुकेल. ३० वॅटचा नवा पंखा लावला तर ८ वेळा. सहावी-सातवीच्या मुलांना गुणोत्तर शिकविण्यास ह्याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही. पंखा रोज १० तास चालला तर महिन्याला जुना २२.५ युनिटे घेतो व नवा ९. किंमत, वाचणारी वीज व युनिटचा दर घेऊन पैसे किती महिन्यांत फिटतील, हे मुलांनीच काढावे. उत्तर कधी कधी 'अजून परवडत नाही' असेही येईल. तेही प्रामाणिकपणे फळ्यावर लिहावे. २०१५ नंतर एलईडी दिवे घरोघर पोचले. पूर्वी ६० वॅटचा दिवा रोज ५ तास जळून महिन्याला ९ युनिटे घेई. तितकाच उजेड देणारा ९ वॅटचा दिवा १.३५ युनिट घेतो. दोनशे घरांनी एकेक दिवा बदलला तर महिन्याला १५३० युनिटे वाचतात. थेंबाचे तळे कसे होते, ते अंकगणितात येथे दिसते.

घरांइतकेच गावच्या धंद्यांकडेही लक्ष द्यावे. चहाच्या हॉटेलात गिऱ्हाईक नसतानाही शेगडी पेटती राहते. शीतपेट्या भिंतीला चिकटवून ठेवलेल्या व मागच्या जाळीवर धूळ साचलेली असते. त्यामुळे आतली उष्णता बाहेर पडत नाही व यंत्र सारखे चालते. पिठाच्या गिरणीत पट्टा सैल असतो, दळण नसताना मोटर फिरत राहते. गुऱ्हाळावर ओले चिपाड जाळण्याऐवजी दोन दिवस वाळविले तर कढईला आच चांगली लागते. विहिरीवरच्या पंपाचा तळझडपा अडलेला, पाइपाला नको तितकी वळणे दिलेली आणि मोटर गरजेपेक्षा मोठी, असे दृश्य सर्वत्र आहे. दुकानदाराला उपदेश आवडत नाही, पण त्याच्याच बिलावर बोट ठेवून बोलले तर तो खुर्ची पुढे करतो. मोटर उघडणे, तारा जोडणे ही कामे मात्र जाणत्या तारतंत्र्याचीच. स्वयंसेवकाने किंवा विद्यार्थ्याने त्यांना हात लावू नये.

शिक्षकाची जागा ह्या सर्वांत कोणती, ते नीट ठरविले पाहिजे. शिक्षकावर आधीच कामांचा पुष्कळ भार आहे, हे खरेच. त्यात आणखी एक नोंदवही वाढविण्याचा येथे हेतू नाही. शिक्षकाने दिवे किंवा शेगड्या विकू नयेत, कोणत्याही कारखान्याच्या मालाची शिफारस करू नये, आणि 'इतकी घरे झालीच पाहिजेत' असा आकडा मुलांवर लादू नये. मुलाला आपल्याच घरातील उणे शाळेत जाहीर करावे लागेल, असा गृहपाठ देऊ नये. कोणाच्या घरी शेणी जळतात व कोणाच्या घरी टाकी आहे, ही गोष्ट वर्गात तुलनेची होता कामा नये. शिक्षकाचे काम मोजण्याची सवय लावण्याचे आहे. महिला बचत गट, तरुण मंडळ, अंगणवाडीच्या ताई, आरोग्यसेविका आणि गावातील गवंडी व तारतंत्री ह्यांना एकत्र बसविणे आणि शाळेचा काटा व फळा त्यांना उपलब्ध करून देणे, एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

आणि मग पुन्हा जाणे. चूल बदलून एक महिना झाला की स्वयंसेवकाने त्या घरी जावे. जाताना हातात कागद नसला तरी चालेल, धुराड्याचा कुंचा असावा. 'मास्तर, धूर गेला, पण भाकरी फुगत नाही,' असे बाई म्हणाल्या, तर ती तक्रार नसून दुरुस्तीची सूचना आहे, असे मानावे. पावसाळ्यात पुन्हा जावे, कारण ओल्या जळणाची परीक्षा तेव्हाच होते. वर्षाने पुन्हा जळण तोलावे. ज्या घराने जुनी चूल परत घातली असेल, तेथे अधिक नम्रतेने जावे, कारण त्या घरापाशीच सर्वांत अधिक शिकण्यासारखे असते.

दरवर्षी १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन म्हणून पाळला जातो. शाळांतून फेऱ्या निघतात, घोषवाक्ये लिहिली जातात. ते अवश्य करावे. परंतु त्या दिवशी फळ्यावर घोषवाक्याखाली गावातील पाच घरांचे दोन-दोन आकडे लिहिलेले असावेत : गेल्या वर्षी आठवड्याला किती जळण लागले आणि ह्या वर्षी किती. फरक किलोभराचा असला तरी तो खरा असावा. तो किलो म्हणजे कोणा एका मुलीच्या डोक्यावरून उतरलेले ओझे आहे. ते ओझे उतरलेली मुलगी पहिल्या घंटेला वर्गात हजर दिसली, म्हणजे शिक्षकाच्या श्रमाचे चीज झाले असे खुशाल समजावे.